डॉक्टरांचा फ्रिज

काकूंच्या स्वयंपाकघरात एकही वस्तू काकूंची नव्हती. चोरीची नव्हती, उसनीही नव्हती. पण प्रत्येकीला आधीच्या मालकाचं नाव चिकटलेलं होतं. फ्रिज डॉक्टरांचा, मिक्सर बंद पडलेल्या हॉटेलचा, डोक्यावरचा पंखा शाळेचा आणि इस्त्री कोणा वकिलाची. “अहो, शाळेचा जरा कमी करा, गारठायला झालं,” असं त्या सहज म्हणायच्या आणि घरी आलेला नवखा पाहुणा बावचळायचा.

हे सगळं काकांचं कर्तृत्व. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी भंगारात काढलेलं यंत्र काका उचलून आणायचे, उघडायचे, पुसायचे, तेलपाणी करायचे आणि त्यातलं उत्तम ते घरी आणून बसवायचे. एकदा बसवलं की ते पुन्हा मरत नसे. डॉक्टरांनी फ्रिज दिला तेव्हा काकूंचा मुलगा रांगत होता. आता तो परगावी नोकरीला आहे, त्याच्या कानशिलावर पांढरे केस आलेत, आणि फ्रिज आपला चालूच आहे. जाड पत्रा, आतल्या जाळ्या लोखंडी, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. रंग मात्र औषधाच्या गोळीसारखा, ना पिवळा ना पांढरा. जुनं ते सोनं, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांना ते सोनं रोज फडक्यानं पुसावं लागत नाही.

शेजारच्या वहिनींचं नशीब वेगळं. त्यांचे फ्रिज मरायचे. एकाचा गॅस गळाला, दुसऱ्याचं कसलंसं कार्ड जळालं, तिसऱ्याच्या दाराची बिजागरी तुटली आणि तसली बिजागरी आता मिळत नाही म्हणे. दरवेळी वहिनी कपाळाला हात लावायच्या, कंपनीला शिव्या घालायच्या आणि पुढच्या आठवड्यात नवरा-बायको नटूनथटून नवा फ्रिज बघायला जायचे. एकदा निळा आला, एकदा दोन दारांचा, एकदा भाजीला वेगळा खण असलेला. काकू बघायला जायच्या, दार उघडून बघायच्या, खण ओढून बघायच्या, “छान आहे हो” म्हणायच्या आणि घरी येऊन उगाचच भांडी आपटायच्या.

काकांना त्या आपटण्याचा अर्थ कधी लागला नाही. त्यांना वाटायचं, वहिनींचे पैसे पाण्यात गेले म्हणून हिला वाईट वाटतंय. मग ते जेवताना समजावत बसायचे, की आजकालच्या वस्तूंना स्क्रूच नसतो, नुसतं खटक्यावर बसवलेलं असतं. उघडायला गेलं की खटका तुटतो. मोटर बरी असते, पण तिला जोडलेलं चाक प्लॅस्टिकचं. दुरुस्त करता येऊ नये अशीच वस्तू बनवायची आणि वर तिला नवीन म्हणायचं. काकांचं यातलं काही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. खोट्या माणसाशी भांडता तरी येतं.

आणि काकू काही कमी शहाण्या नव्हत्या. अर्धं आयुष्य त्यांनी कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून काढलं होतं. गिऱ्हाईक दारात आलं की चालीवरून त्या ओळखायच्या, हे घेणार की नुसतंच बघणार. ताग्यामागून तागा उलगडायच्या, कापड गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकायच्या, आरसा दाखवायच्या आणि विचारायच्या, “कोणता आवडतो?” बायका गोंधळायच्या, लाजायच्या, मग एका ताग्यावर हात ठेवायच्या. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते बघायला काकूंना फार आवडायचं. स्वतःच्या चेहऱ्यावर ते कधी आलं होतं का, हे मात्र त्यांना आठवत नव्हतं.

नोकरी संपली, घरी बसल्या आणि समोर दिवसभर तो फ्रिज. तेव्हा कुठे काकूंनी मनाशी पक्कं केलं, की याला मारल्याशिवाय आपली सुटका नाही. काकांचा नियम साधा होता: चालती वस्तू बदलायची नाही. म्हणजे आता ती चालता कामा नये.

बहिणीकडे राहायला जाताना त्या फ्रिजचं दार किलकिलं ठेवून गेल्या. परत आल्या तर फ्रिज लख्ख पुसलेला आणि पूर्वीपेक्षा गार. काकांनी दाराचं रबर बदललं होतं आणि वर काकूंनाच शाबासकी दिली होती, की बरं झालं रबर सैल झाल्याचं कळलं. मग काकूंनी वहिनींना पढवलं, की आमच्या फ्रिजच्या आवाजानं तुम्हाला झोप लागत नाही अशी तक्रार करा. वहिनी आल्या, तक्रार केली, आणि जाताना स्वतःच्याच फ्रिजचं दुरुस्तीचं काम काकांच्या गळ्यात घालून गेल्या. आपल्या फ्रिजच्या पायांखाली चार रबरी चकत्या घालून काका त्याला गप्प करून मोकळे झाले.

काकूंनी हात टेकले असते. पण दुरुस्तीवाल्याची बायको म्हणजे अर्धी दुरुस्तीवालीच. इतक्या वर्षांत बघून बघून त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती: मागच्या बाजूला, काळ्या गोल कॉम्प्रेसरच्या कुशीत एक काड्यापेटीएवढा डबा असतो. त्याला रिले म्हणतात. तो नसेल तर दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. एका दुपारी काका दुकानात असताना काकूंनी प्लग काढला, फ्रिज पुढे ओढला, रिले उपटला आणि बटणांच्या डब्यात नेऊन ठेवला. मग फ्रिज पुन्हा भिंतीला लावला आणि प्लग खोचला.

संध्याकाळी दूध नासलं. काकांनी फ्रिज ओढला, बॅटरी मारली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. रिले जळालेला त्यांनी पाहिला होता, गंजलेला पाहिला होता. नाहीसा झालेला आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी त्यांनी निकाल दिला: उंदीर. चोर सोडून संन्याशाला फाशी. फ्रिजमागे पिंजरा लागला, वर भिंतीतलं भोक सिमेंटनं बुजवलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातल्या भंगारातून तसलाच रिले शोधून आणून काकांनी तो शीळ घालत बसवला. फ्रिज घरघरला आणि सुरू झाला. काकू मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या.

पिंजऱ्यात उंदीर काही आला नाही. आठवडाभरानं काकांच्या शर्टाचं बटण तुटलं. काकू भाजी आणायला गेल्या होत्या, म्हणून काका स्वतःच बटणांचा डबा घेऊन बसले.

काकू परतल्या तेव्हा काका टेबलाशी होते. शर्ट बिनबटणाचाच, आणि समोर रिले.

“हा चालतोय,” काका म्हणाले. “मीटर लावून बघितला.”

“माहीत आहे मला.”

“मग उंदीर?”

“मीच.”

काकांनी रिले हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. ते चिडले नव्हते. चिडले असते तर काकूंना सोपं गेलं असतं. आजारी माणसाकडे बघावं तसं ते फ्रिजकडे बघत होते. चालतं यंत्र मारायला निघालीस, इतकं काय वाकडं केलं होतं त्यानं तुझं, एवढंच त्यांनी विचारलं.

काकूंनी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि बसल्या. इतकी वर्षं मूग गिळून बसल्या होत्या, आता बोलायलाच हवं होतं.

“त्यानं काहीच केलं नाही हो. तो बिघडत नाही, आणि बिघडल्याशिवाय तुम्ही बदलू देत नाही. मग मी करायचं काय? जन्मभर लोकांना विचारत आले, कोणता आवडतो. मला कुणी विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. मला यापेक्षा चांगला फ्रिज नकोय. वाईट असला तरी चालेल. मला आवडलेला हवाय.”

या घरातलं प्रत्येक यंत्र काकांनी तिच्यासाठी निवडून, उघडून, घासून आणलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाच्या वस्तूवर तासभर घालवला, तर घरच्या वस्तूवर चार तास. बायकोवर माया करायची दुसरी रीत त्यांना येतच नव्हती.

“मला वाटायचं, तुला यांचा अभिमान आहे,” ते म्हणाले.

“तुमच्या हातांचा आहे. फ्रिजचा नाही.”

पुढचे दोन-तीन दिवस काका कमी बोलले. फ्रिज गेला चुलीत, या माणसाचं मन मोडलं तर ते जोडायला कुठला रिले आणायचा, असं काकूंना वाटत राहिलं. सुटीच्या दिवशी सकाळी काकांनी वकिलाच्या इस्त्रीनं शर्ट इस्त्री केला, अंगात घातला आणि म्हणाले, “चल.” कुठे, ते काकूंनी विचारलं नाही. चांगली चप्पल तेवढी शोधली.

दुकान मोठं होतं, फ्रिज भिंतीशी ओळीनं उभे. काकांनी आत शिरल्या शिरल्या पहिल्याच्या अंगावर टिचकी मारली. दुसऱ्याच्या मागे वाकून पाहिलं. तिसऱ्याच्या दाराला स्क्रू सापडेना, तेव्हा त्यांनी असा सुस्कारा सोडला की विक्रेता धावत आला. टायवाला, मधल्या वयाचा, बोलायला गोड माणूस. हा किती वर्षं चालेल, असं काकांनी विचारल्यावर त्यानं आठ-दहा वर्षं बघायला नको असं सांगितलं. काकांनी त्याला डॉक्टरांच्या फ्रिजची अख्खी जन्मकथा ऐकवायला घेतली. ती रबराच्या चकत्यांपर्यंत पोचली तेव्हा काकूंनी त्यांच्या दंडाला हात लावला.

“अहो, आठ-दहा वर्षं पुष्कळ झाली. चाळीस वर्षांचा घेऊन मागाहून तो कुणाच्या गळ्यात मारायचा? आपण तरी अजून किती वर्षं गॅरंटीत आहोत?”

विक्रेत्यानं तोंड फिरवलं. काका क्षणभर काकूंकडे बघत राहिले आणि मग हसले, इतके की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुसून झाल्यावर त्यांनी टिचकी मारायचा हात खिशात घातला.

“कोणता आवडतो तुला?” त्यांनी विचारलं.

काकूंना वाटलं होतं, उत्तर तोंडावर तयार असेल. तयार नव्हतं. सगळी ओळ डोळ्यांपुढे पाण्यात हलल्यासारखी झाली. निळा होता, लाल होता, एक तर चक्क मोरपंखी होता, आणि यांतला कोणता आपला हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. पण ते माहीत नसण्यातच केवढं सुख होतं.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “मला सगळे बघू द्या.”

त्या ओळीच्या पहिल्या टोकाला गेल्या आणि दार उघडलं. काका त्यांची पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसले, आणि दुपार कलली तरी ‘आटप’ म्हणाले नाहीत.