दादाने जोडलेली तार

बाजारामागच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे आता धाकटा एकटाच असतो. थोरल्याला जाऊन वर्ष होत आलं, पण त्याच्या खुर्चीत हा अजून बसत नाही. गिऱ्हाईक बसायला गेलं तरी याच्या कपाळाला आठ्या पडतात.

दादाचा हात म्हणजे हात होता. बिघडलेल्या बोर्डाला थोडी वीज द्यायची आणि वरून बोट फिरवायचं. चटका बसेल तिथे दुखणं. धाकट्याला ते कधी जमलं नाही. तो बोर्डावर स्पिरिट फासतो आणि तापून आधी कुठे वाळतं ते डोळे फाडून बघतो. "रंगारी झालास की काय?" असं म्हणून दादा त्याला पिडायचा.

आज शिकवणीच्या बाई आल्या. "चार्जिंगला लावला की नुसता भाजतो हो. मागे तुमच्या दादांनीच नीट केला होता."

चार्जिंगच्या पिनेजवळ स्पिरिट झटकन वाळलं. धाकट्याने भिंग लावलं. फ्यूजच्या जागी तार होती. फ्यूज उडाला तर का उडाला ते शोध, तार जोडून मोकळा होऊ नकोस, असं ज्याने जन्मभर कानीकपाळी ओरडून सांगितलं, त्याच्याच हातची तार. भोवतालचा बोर्ड काळा पडला होता.

शेवटच्या महिन्यांत औषधांनी दादाची बोटं बधिर झाली होती. वाफाळत्या चहाचा पेला तो खुशाल मुठीत धरायचा आणि धाकटा हसायचा. म्हणजे चटका कळत नव्हता, दुखणं सापडत नव्हतं, आणि हे सख्ख्या भावाला सांगायची त्याला लाज वाटली. धाकट्याला भडभडून आलं.

"काय झालंय?" बाईंनी विचारलं.

"भाग जुना झालाय," तो बोलून गेला. दादाच्या नावाला बट्टा लावायला त्याची जीभ रेटेना.

पण त्या महिन्यांत दादाच्या हातून आणखी किती लॅपटॉप गेले असतील? कुणाच्या मांडीवर, कुणाच्या गादीवर असतील ते आता? त्या रिकाम्या खुर्चीकडे त्याला बघवेना. त्यातला एक तर घरातच होता. त्याने घाईघाईने फोन लावला.

"वहिनी, पोरीचा लॅपटॉप कुठाय?"

"तिच्या उशाशी, चार्जिंगला. बाबांनी शेवटचा नीट केलेला ना, त्यावर हात ठेवूनच झोपते. म्हणते, बाबांचा हात असाच गरम असायचा."

"आधी पिन काढा. आत्ताच्या आत्ता!"

"का हो भाऊजी?"

समोर बाई कान देऊन उभ्या होत्या.

"दादाचं काम चुकलंय, वहिनी," तो म्हणाला.