तळ्याचं पाणी आणि पुठ्ठ्याचा ज्वालामुखी

माझी थोरली वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. मुलं पाठीमागे तिला ‘चिखलबाई’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं.

शाळेमागच्या तळ्यावर उन्हाळ्यात हिरवी साय धरायची. सकाळच्या पहिल्या तासाला मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करताना दिसायचे. वहिनी वर्ग तिथंच भरवायची. “नाक धरू नका. वास कशाचा येतोय ते सांगा.” मग वर्गातल्या पोरींनी तळ्याचं पाणी बरण्यांत भरलं. काही बरण्या उन्हात ठेवल्या, काही कपाटात. उन्हातल्या शेवाळावर बुडबुडे धरले. कपाटातलं पाणी काळं पडून कुजलं. रात्रीच्या अंधारात शेवाळच पाण्यातला प्राणवायू संपवतं, म्हणून सकाळी मासे तडफडतात, हे पोरींनी स्वतःच शोधून काढलं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, “बाई, पाहुणे येणार. ही घाण टेबलावर नको.” शिपायानं बरण्या गटारात ओतल्या. त्यांच्या जागी दुकानातून आणलेला पुठ्ठ्याचा ज्वालामुखी आला. त्याच्या तोंडातून लाल फेस यायचा. भोवती अत्तर फवारलं.

पाहुणे भाषणात म्हणाले, “मुलं परिसरातून विज्ञान शिकताहेत, हे पाहून भरून आलं.”

वहिनी उभी राहिली. “साहेब, आपल्या परिसरात ज्वालामुखी कुठाय? हा विकत आणलाय. मुलींनी केलं होतं ते गटारात गेलं.”

“बाई मोठ्या विनोदी आहेत,” पाहुणे म्हणाले आणि चहाला गेले.

घरी येऊन ती कितीतरी वेळ हात धूत राहिली. जेवली नाही. मी विचारलं, “चिडलीस का गं?”

“चिडले असते तर बरं झालं असतं. शिसारी आली. बरण्या जपणाऱ्या पोरींनाच पुढं बसवलं होतं, टाळ्या वाजवायला. आणि वाजवल्या त्यांनी.”

पुढच्या वर्षी तिचं विज्ञान काढून घेतलं. लहान वर्गाचं शुद्धलेखन गळ्यात मारलं. तळ्याकडच्या खिडक्यांना खिळे ठोकले. दादा म्हणाला, नोकरी सोड. ती म्हणाली, “म्हणजे त्यांना रान मोकळं?”

आता ती पोरांना वाक्यं घालते: ‘तळ्यातल्या माशांना श्वास घेता येत नाही.’ ‘मेलेला मासा कुजतो.’ हेडमास्तर वह्या चाळतात आणि अक्षर वळणदार आहे म्हणून शाबासकी देतात. घरी येऊन ती हे सांगते. आम्ही हसतो. ती हसत नाही.