चाकाखालचा गोप्या

आमच्या गाडीचा ब्रेक लागत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तो लागतो. फक्त आपण म्हणू तेव्हा लागत नाही.

गाडी पांढरी, लहानखुरी आणि आमच्याकडे येण्याआधी दोन घरं फिरून आलेली. बीडजवळच्या एका खेड्यात मी शाळेत शिकवते. गाडी नव्हती तेव्हा काळीपिवळी जीपने जायचे. त्या जीपमध्ये माणसं बसवत नाहीत, कोंबतात. एकदा मांडीवर डबा, डब्यावर पर्स आणि पर्सवर शेजारच्या बाईच्या शेळीची हनुवटी, अशी मी शाळेपर्यंत गेले होते. पहिल्या तासाला पोरं नाक दाबून बसली. त्या दिवशी घरी येऊन मी जाहीर केलं की मी गाडी शिकणार आणि एकटी, ऐसपैस बसून शाळेत जाणार.

घरात गाडी चालवणारी मी एकटीच. आमचे दिगंबरराव (म्हणजे माझे यजमान) एकदा शिकायला गेले होते, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला धडक दिली आणि तेव्हापासून ते डावीकडे बसून मला शिकवतात. समोर म्हैस दिसली की ते दोन्ही पायांनी ब्रेक दाबतात. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, हे त्यांना कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. त्यांच्या पायाखालची रबरी मॅट टाचेपाशी आरपार झिजली आहे.

ब्रेक पहिल्यांदा बिघडला तेव्हा आमचे मेकॅनिक सलीमभाई म्हणाले, "मॅडम, पॅड गेल्यात." पॅड बदलले. दुसऱ्यांदा म्हणाले, "ऑइल गळतंय." गळती बंद केली. तिसऱ्यांदा ते गाडीखालून बाहेर आले आणि बराच वेळ नुसते हात पुसत राहिले.

"काय झालं सलीमभाई?"

"लाइनीत हवा धरली हाय. काढली. आता टेन्शन लेऊ नका. पायडल खाली गेलं तर दोन-तीनदा दाबा, पकडतं."

"आणि हँडब्रेक?"

"त्याची केबल संभाजीनगरहून यायची हाय. तवर चाकाला दगुड लावत जा."

त्या दिवसापासून डिक्कीत एक चौकोनी दगड मुक्कामाला आला. गाडी उभी केली की दिगंबररावांनी उतरून तो चाकाखाली सारायचा, निघताना काढायचा. (गाडी गिअरमध्ये का नाही ठेवायची, असं तुम्ही विचाराल. आमचा पहिला गिअर उभ्या उभ्या सुटतो. ते दुखणं वेगळं आहे.) बाजारात, बँकेसमोर, लग्नाच्या हॉलबाहेर, सगळीकडे आधी दगड उतरायचा, मग आम्ही. शेवटी दिगंबररावांनी एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवला.

"बास झालं, शोभा. आता एकदा जरी हिनं दगा दिला ना, तर विकून टाकायची. बाळू कवाचा मागतोय."

बाळू हा त्यांचा चुलतभाऊ. त्याला गाडी कोंबड्यांची पिल्लं नेण्यासाठी हवी होती. मी आशेने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी सुपारी कातरत निकाल दिला, "इकून टाका. मला तर हिच्यात बसल्यावर देवच दिसतो."

माझ्या डोळ्यांपुढे शेळीची हनुवटी आली. म्हणून सांगते, नंतर मी जे केलं ते भीतीपोटी केलं.

लगेचच लिंबागणेशला माझ्या नणंदेच्या, आक्कांच्या घरी बारसं निघालं. आक्कांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आत्यांना पणतू झाला होता. बारशाला पाळण्याखालून बाळ द्यायच्या आधी वरवंट्याला कुंची घालून, त्याला गोप्या म्हणून या हातातून त्या हातात देतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या घरी त्यासाठी आत्यांचाच वरवंटा लागतो. दिगंबरराव, आक्का, आमची मुलं, सगळी त्याच वरवंट्याच्या पाठोपाठ पाळण्यात गेली. मिक्सर आल्यावर पाटा अंगणात गेला, पण वरवंटा आत्यांच्या कपाटात, लुगड्याच्या घडीत असतो. मसाला वाटून वाटून तो एका अंगाने चांगला चपटा झालाय.

सकाळी डिक्की आत्यांनी स्वतः भरली. घुगऱ्यांचं पातेलं, बाळाचे कपडे, बाळंतिणीची साडी आणि फडक्यात गुंडाळलेला वरवंटा.

मांजरसुंब्याचा घाट चढताना ब्रेकचं काही काम नव्हतं. वर सपाटीला लागल्यावर समोर मेंढरं आली. मी पाय दाबला. पायडल आरामात खाली गेलं आणि तिथेच बसलं. दुसऱ्यांदा दाबलं, तेच. तिसऱ्यांदा कुठे काहीतरी पकडलं आणि शेवटच्या मेंढराच्या शेपटीपाशी गाडी थांबली.

"काय गं, काय झालं?" दिगंबररावांनी मॅटवरचे दोन्ही पाय न उचलता विचारलं.

"कुठं काय? मेंढरं बघत होते. किती छान आहेत."

आक्कांचं घर उताराच्या तळाशी आहे. दारात मांडव, मांडवात पाळणा, पाळण्याभोवती अख्ख्या गल्लीतल्या बाया. खाली गाडी लावायच्या जागेत कडेला ट्रॅक्टर उभा होता, म्हणून गाडी वरच, उतारावर लावावी लागली. दिगंबररावांना आक्कांच्या जावयाने हाताला धरून नेलं, आत्या पणतू बघायला पळाल्या, आणि मी पायडलवर पाय रोवून एकटी गाडीत. खाली उतरता येईना. शेवटी पातेलं न्यायला आलेल्या एका काकांना मी म्हटलं, "काका, डिक्कीतला दगड तेवढा पुढच्या चाकाखाली सारता का?"

काका डिक्कीत वाकले. "दगुड न्हाई बाई. फडक्यात काय तरी जड हाय."

दगड कसा नसेल? खिडकीतून ओरडून विचारलं, तर दारातूनच आत्या म्हणाल्या, "त्यो व्हय? त्यो म्या सकाळीच फेकला. गाडीत कावून दगुड ठिवायचा? सामानाला जागा न्हाई."

पायडल हळूहळू खाली चाललं होतं. ब्रेक बिघडलाय असं ओरडले असते, तर गाडी संध्याकाळपर्यंत बाळूच्या पिल्लांची झाली असती.

"काका," मी हळूच म्हटलं, "तेच लावा. पाचच मिनिटं."

काकांनी फडकं सोडलं आणि चपट्या अंगामुळे वरवंटा चाकाखाली झकास बसला. तो काढून दुसरा दगड लावायचा, असा माझा बेत होता. पण मांडवात शिरले तर कोणी हळदीकुंकू लावलं, कोणी बाळ हातात दिलं, आणि तेवढ्यात आक्कांचा आवाज आला, "चला, गोप्या आना."

"दिगू, जा रं," आत्या म्हणाल्या. "डिक्कीत हाय."

दिगंबरराव गेले आणि रिकाम्या हाताने आले. "डिक्कीत तर न्हाई."

"न्हाई कसा? माझ्या हातानं ठिवलाय म्या."

मी दिगंबररावांना कोपऱ्यात ओढलं आणि कानात सांगितलं. माणसाचा चेहरा इतका पटकन पांढरा होतो, हे मला माहीत नव्हतं.

"आईचा गोप्या? चाकाखाली?"

"हळू बोला. एक दगड घ्या आणि चला."

बेत साधा होता. वरवंट्यावर गाडीचा सगळा भार आला होता, तो हाताने निघणार नव्हता. मी गाडी सुरू करून तसूभर मागे घ्यायची, दिगंबररावांनी वरवंटा ओढायचा आणि त्या जागी दगड सारायचा. मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं: आधी दगड, मग आनंद.

गाडी मागे सरकली. दिगंबररावांनी वरवंटा ओढला. आणि तो धड आहे, त्याचा टवकासुद्धा उडाला नाही, हे पाहून त्यांना इतकं भरून आलं, की एका हातात वरवंटा आणि दुसऱ्या हातात दगड घेऊन ते तसेच उभे राहिले.

"दगड!" मी म्हटलं.

"हाय की," ते म्हणाले, आणि मला दाखवला.

तेवढ्यात इंजिन बंद पडलं आणि गाडी निघाली. अगदी सावकाश, बारशाला आलेल्या पाहुणीसारखी. मी पायडल दाबलं, खाली गेलं. पुन्हा दाबलं, खाली गेलं. मी हॉर्न वाजवला. मांडवातल्या बायांना वाटलं, आनंदाने वाजवतेय. त्यांनी हात हलवले. त्यांच्यामागे मला पाळणा दिसत होता आणि पाळण्यातून वर आलेली एवढीशी मूठ. त्या क्षणी मला गाडी नको होती, शाळा नको होती, शेळी मांडीवर घेऊन जन्मभर जीपने गेले असते. मी देवाचं नाव घेत दाबत राहिले, आणि बंपर मांडवाच्या बांबूला टेकला, तेव्हा ब्रेक लागला.

बांबू हलला. वरचं आंब्याच्या पानांचं तोरण सुटून बॉनेटवर अलगद पडलं.

"अगं बया, गाडी इथवर कावून आणलीस?" आक्कांनी विचारलं.

"सामान उतरवायला," मी म्हटलं.

आक्कांना ते खरं वाटलं. एकीने तर तोरण पडलंच आहे म्हणून बॉनेटला कुंकूही लावलं. पण आत्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या उतारावर बघत होत्या. तिथे त्यांचा लेक दोन्ही हातांत दोन दगड घेऊन उभा होता, आणि त्यातल्या एकावर टायरची नक्षी स्वच्छ उमटलेली होती.

आत्या उतार चढून गेल्या. त्यांनी वरवंटा घेतला, पदराने पुसला, पुन्हा पुसला, कुंची घातली आणि पाळण्यापाशी बसल्या. गोप्या हातोहात फिरला. त्याच्यामागून सगळ्यांचे तळहात काळे होत गेले. बाळाचं नाव काय ठेवलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

गाडी तिथेच सोडून आम्ही परत निघालो ते काळीपिवळी जीपने. दिगंबरराव मागे लटकलेले. मी आणि आत्या मधल्या सीटवर, एका जाड पाहुण्याच्या आणि कांद्याच्या पोत्याच्या मध्ये. आत्यांच्या मांडीवर वरवंटा, पायावर कोणाची तरी पिशवी. घाट उतरेपर्यंत त्या जीपमधली माणसं मोजत होत्या. मी मनातल्या मनात बाळूला किल्ली देऊन मोकळी झाले होते.

"शोभे," त्या एकदम म्हणाल्या. "तू रोज अशीच जायचीस व्हय?"

"हो आत्या."

"येवढी वर्सं?"

मी मान हलवली. त्यांनी पोतं कोपराने ढकलून पाहिलं. ते हललं नाही.

"दिगू," त्यांनी मागे आवाज दिला, "गाडी इकायची न्हाई."

मला रडू आलं. मी पदर डोळ्यांना लावला.

"पर साध्या दगडाचा भरवसा न्हाई," त्या पुढे म्हणाल्या. "ह्यानं आजवर एक बी लेकरू पडू दिलं न्हाई. ह्योच लावायचा. आनि माझा गोप्या म्या तुमच्या कुनाच्या हातात देत न्हाई. म्या येत जाईन संगं."

दोन दिवसांनी सलीमभाईंनी तिथे जाऊन लाइनीतली हवा पुन्हा काढली आणि गाडी घरी आणून दिली. आणि आत्या येऊ लागल्या. रोज. वरवंटा मांडीवर घेऊन. शाळेच्या फाटकापाशी आधी आत्या उतरायच्या, वाकून वरवंटा लावायच्या, मग मी. दिवसभर त्या पोषण आहाराच्या बाईंना आमटीत काय कमी आहे ते सांगायच्या. मुख्याध्यापक त्यांना नमस्कार करायला लागले; मला ते तसा करत नाहीत.

परवा एकदाची केबल आली. सलीमभाईंनी सगळा ब्रेकच नव्याने बसवला. आता बोट लावलं तरी गाडी जागच्या जागी थांबते. मी उड्या मारत घरी आले आणि म्हटलं, "आत्या, गाडी एकदम ठीक झाली. आता तुम्ही घरी निवांत बसा. उद्यापासून मी एकटी जाईन."

आत्यांनी वरवंटा पुन्हा लुगड्याच्या घडीत ठेवला. कपाट लावलं. मला हायसं वाटलं.

सकाळी बाहेर आले, तर त्या पुढच्या सीटवर मांडी घालून बसलेल्या. शेजारी सुपारीचा डबा, दुपारची भाकरी आणि डोक्याखाली घ्यायला उशी.

"इतके दिस भ्यात भ्यात बसले," त्या म्हणाल्या. "आता कुटं बसायला मजा येईल. चल."

मी गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी काळीपिवळी जीप समोरून गेली. तिच्यात खिडकीजवळची एक जागा रिकामी होती.