आक्काच्या डोळ्यांतला दिवा

"विमानांच्या खुर्च्यांना कपडे शिवते मी," अशी आक्का स्वतःची ओळख करून देते. "माणसांचे कपडे शिवणारे पुष्कळ आहेत. खुर्च्या बऱ्या. जाड होत नाहीत, आणि बाही आवळते म्हणून भांडायला येत नाहीत."

विमानतळाच्या कुंपणाला लागून पत्र्याची लांबलचक शेड आहे, तिथे खिडकीजवळ तिचं मशीन. काम बहुतेक काळ्या कातड्यावर काळ्या दोऱ्याचं. नव्या कामगाराला त्यातला टाका दिसतसुद्धा नाही. आक्काला तो वाकडा गेला की लांबून दिसतो, आणि मग ती "उसव" एवढंच म्हणते.

घर दोन गल्ल्या सोडून. खाली आक्का, वर धाकटा भाऊ आणि भावजय. आक्काचं लग्न आधी जमलं नाही आणि नंतर तिलाच जमवायचा कंटाळा आला. भाऊ विमानतळावर बस चालवतो, इमारतीपासून विमानाच्या शिडीपर्यंत. "एवढुसा प्रवास," तो म्हणतो, "पण खिडकीसाठी भांडतातच." भावंडांचं एकमेकांशी बरं होतं. रोज एकदा तरी वाजायचं, म्हणजे बरंच.

एका गोष्टीवर मात्र दोघं कधी बोलत नसत. आईच्या डोळ्यांवर.

आईची नजर हळूहळू गेली आणि त्याची सुरुवात दिव्याने झाली. "त्या कोपऱ्यात दिवा कोणी लावून ठेवलाय गं?" ती विचारायची. कोपऱ्यात दिवा नसायचा. आधी सगळे हसले, मग चिडले, आणि डॉक्टरकडे नेलं तोवर उशीर झाला होता. हे मुलांमध्ये उतरू शकतं, डॉक्टर म्हणाले, न उतरण्याचीही शक्यता आहे. उतरलंच तर सुरुवातीला असाच एखादा दिवा दिसेल. परतताना रिक्षात कोणी अवाक्षर काढलं नाही. पुढेही नाही.

अशी ही आक्का एका संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. अंधार नुकता पडला होता. धावपट्टीच्या पलीकडे, टेकडीच्या वर, तिला एक दिवा दिसला. विमानांचे दिवे ती लहानपणापासून बघत आली होती. ते लुकलुकतात, सरकतात, खाली येतात. हा लिंबाएवढा, पिवळसर, जागचा हलेना. ती बघत राहिली. मग घाबरून तिने पाण्याच्या टाकीकडे तोंड वळवलं, तर दिवा टाकीवरही.

उजेडाकडे टक लावून पाहिलं की डोळ्यांत डाग उरतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण भीतीला कोणी शाळेत घातलेलं नसतं. पाहुणा दारात दिसावा तशी आक्का स्वतःशी म्हणाली, "आलास?"

डॉक्टरकडे ती गेली नाही. डॉक्टरने नाव घेतलं की ते खरं होतं, आणि खरं झालं की खिडकीजवळचं मशीन जातं. भावाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तो त्याच क्षणापासून स्वतःच्या डोळ्यांत दिवे शोधायला लागला असता.

तिने मुकाट्याने तयारी सुरू केली. डोळे मिटून चहा करून बघितला. साखरेच्या जागी मीठ गेलं, पण हात भाजला नाही. डोळे मिटून चिंधीवर शिवण घातली. ती हाताला सरळ लागली आणि तिला जरा धीर आला. दिवा काही दर संध्याकाळी येत नसे, पण आला की तिचं जेवण जात नसे.

आणि मग तिला संशय यायला लागला की भावाने ओळखलंय. त्याने जिन्यात मोठा बल्ब लावला. पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग दिला. पाठ धरली असं सांगून संध्याकाळची ड्यूटी बदलून सकाळची घेतली. आपल्यावर लक्ष ठेवायलाच घरी बसतो मेला, असं आक्काला वाटलं.

एकदा जेवताना तो ताटात बघत म्हणाला, "आक्का, मशीनवर उजेड पुरतो ना?"

"मला काय धाड भरलीय? तू तुझ्या बसच्या दिव्यांचं बघ."

त्याचा घास हातातच राहिला. भावजय एकदा नवऱ्याकडे, एकदा नणंदेकडे बघून म्हणाली, "या घरात उजेडावरूनसुद्धा भांडता येतं. कमाल आहे."

त्या आठवड्यातली गोष्ट. आक्का गच्चीवरून कपड्यांची टोपली घेऊन खाली निघाली. जिना उतरायचा सराव राहिला होता. कोणी नाही असं बघून तिने डोळे मिटले आणि कठड्याला हात लावत उतरू लागली. वळणावर ती कशावर तरी दाणकन आपटली. ते "आई गं" म्हणालं. टोपली उलटली, कपडे पायऱ्या उतरून गेले.

डोळे उघडले तर समोर भाऊ. गुडघा धरून बसलेला. तोंडावर भावजयीचा परकर.

"आंधळा आहेस का?" आक्का सवयीने ओरडली आणि जीभ चावली.

परकर बाजूला झाला. "तूच आलीस अंगावर. एवढा मोठा बल्ब लावलाय, दिसत नाही?"

"माझे डोळे मिटलेले होते."

"का?"

"तुला काय करायचंय? तू का नाही सरकलास?"

भाऊ परकराची घडी घालू लागला. मग हळूच म्हणाला, "माझेही मिटलेले होते."

आक्का त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "कुठे दिसतो तुला?" तिने विचारलं.

"टेकडीवर. धावपट्टीच्या पलीकडे. आधी बस चालवताना दिसला."

"पिवळा?"

"पिवळा." आणि मग तिच्याकडे वळून, "तुला कसं माहीत पिवळा?"

दोघं पळतच गच्चीवर गेली. भाऊ लंगडत. दिवा होता. आक्काने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता बोट दाखव." त्याने दाखवलं, पण भलतीकडेच, कारण दिसतच नव्हतं. मग दोघांनी पाठ फिरवली, एकदम वळून एकदम बोटं दाखवली. बोटं एकाच जागी गेली. आक्का टाकीच्या मागे जाऊन उभी राहिली. दिवा गेला. पुढे आली, दिवा आला. डोळ्यांतला दिवा टाकीमागे लपत नाही.

"पण दोघांनाही उतरलं असेल तर?" भाऊ म्हणाला. त्याची भीतीसुद्धा शाळेत गेली नव्हती.

तेवढ्यात भावजय आली, एका हातात आक्काचं पातळ, दुसऱ्या हातात टोपली. "माझे धुतलेले कपडे जिन्यात लोळतायत आणि बहीणभाऊ इथे चांदणं बघतायत. काय बघताय? तो दिवा?"

"तुला दिसतो?" दोघांनी एकदमच विचारलं.

"न दिसायला काय झालं? कधीचा बघतेय. मला वाटलं तुमच्या विमानतळाचाच कसला तरी असेल."

भावजय दुसऱ्या घरातून आलेली. तिच्या माहेरी नव्वदीची आजी चष्म्याशिवाय तांदूळ निवडते. आक्का टाकीला टेकून हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. भाऊ नुसताच खाली बसला.

"अहो, झालं काय?" भावजयीने विचारलं. झालं काय ते कळल्यावर तिने टोपली आपटली. "म्हणून चहात मीठ होतं? आणि तुमची ती पाठ? एकदा विचारायचं होतंत मला. मीच काय ती परकी."

दुसऱ्या दिवशी तिनेच दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं. आईचं काही उतरलेलं नव्हतं. वर्षातून एकदा दाखवत जा, एवढंच ते म्हणाले. आक्काने येताना रिक्षात आईचा विषय काढला. घर येईस्तोवर संपला नाही.

दिव्याचं मात्र कोणालाच कळलं नाही. भावाने कामावर विचारलं. विमानतळाशेजारी राहणारा माणूस दिव्याचं नवल करत नाही. वस्तीला वाटत होतं तो विमानतळाचा, विमानतळाला वाटत होतं तो वस्तीचा. तो दोघांचाही नाही म्हटल्यावर सगळीकडे घबराट उडाली. टेकडीवर माणसं पाठवली, वर काही सापडलं नाही. लोक दारं लवकर लावून घेऊ लागले. आक्काने गच्चीवर खुर्ची नेऊन ठेवली. तिच्याइतक्या प्रेमाने त्या दिव्याकडे कोणी बघितलं नसेल.

मग एका संध्याकाळी तो आला नाही. तिघंही कठड्याशी उभी होती.

"आक्का, दिसतो का गं तुला?"

"नाही रे. तुला?"

"मलाही नाही."

"विचारलंस ते बरं केलंस."

"मला तर दिसतोय की," भावजय म्हणाली.

दोघं गर्रकन वळली. ती गंभीर चेहऱ्याने टेकडीकडे बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. आक्काने कपड्यांचा चिमटा तिला फेकून मारला, आणि तो अंधारातही बरोब्बर लागला.