बघून ब्लाइंड

आष्टीला आमच्या घरी रविवारी दुपारी तीन पत्तीचा डाव बसतो. पैशावरच, पण आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कायद्यानं. घरून आणलेले पैसे संपले की उठायचं, बैठकीत कुणाकडं हात पसरायचा नाही. हरलं म्हणून पत्ते आपटायचे नाहीत. "आज आली न्हाईत, पुढच्या रविवारी येतील. पानाला काय तुझं तोंड वळखू येतं का बे?" असं ते चिडणाऱ्याला सुनवायचे.

सगळ्यात कडक कायदा ब्लाइंडचा. पत्ते न बघता खेळणाऱ्यानं दहा टाकले, तर बघून खेळणाऱ्यानं वीस टाकायचे. चोरून बघायचं आणि ब्लाइंड म्हणायचं, ही आण्णांच्या लेखी सरळ चोरी. याच आरोपावरून त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाला, माझ्या काकाला, भरल्या बैठकीतून उठवलं होतं. काका पोरांच्या शपथा घेत राहिला. आण्णांनी ऐकलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं काका आमचा उंबरा चढला नाही.

आता आण्णाच विसरतात. पत्ते बघतात, खाली ठेवतात, दहाची नोट टाकतात आणि म्हणतात, "ब्लाइंड." आम्ही चालवून घेतो. बोलणार काय, कपाळ? त्यांच्या दोन दोस्तांपैकी एक यायचाच बंद झाला. मला त्याचा लई राग आला, पण त्याचे पैसे तरी फुकटचे होते का? डाव मोडला तर आण्णांकडं काय उरणार होतं? नातवाचं नाव गेलं, जेवल्याचं ध्यान राहत नाही. रविवार तेवढा राहिलाय. तिघांत रंग येईना, म्हणून लाज गुंडाळून मी काकाच्या दारात गेलो. आण्णा विसरतात हे त्याच्या कानावर होतं. डावात काय करतात ते सांगायला माझी जीभ उचलली नाही.

काका आला. "ये बे, बस," म्हणत आण्णांनी कालच भेटल्यासारखी जागा करून दिली. दुसऱ्याच डावात त्यांनी पत्ते उचलले, नीट बघितले, खाली ठेवले. दहाची नोट टाकली. "ब्लाइंड."

काका समोरच बसला होता, त्यानं सगळं बघितलं होतं. दोस्त चहाच्या कपात बघत राहिला. पुढची चाल काकाची होती. तो उठून गेला असता तर कोणत्या तोंडानं त्याला अडवणार होतो मी?

"आण्णा ब्लाइंड हायेत," काका शेवटी म्हणाला. आपले पत्ते बघून त्यानं वीसची नोट टाकली.

आण्णा खूष. त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "लई सरळ खेळतोस बे. बघून ब्लाइंड म्हननारा मानूस मी या घरात बसू देत न्हाई. एकाला तर कायमचा उठवलाय."

"कोन व्हता?" काकानं विचारलं.

आण्णा बराच वेळ आठवत राहिले.

"आता याद न्हाई," ते म्हणाले. "पन लबाड व्हता."

काकानं आपली वीसची नोट मधे सारली. माझी पाळी होती. मी न बघताच पत्ते टाकून दिले.