अस्करचे कॉन्सल

आमच्या खोलीतल्या चाचांइतका अस्सल रोमन माणूस खुद्द रोममध्येही झाला नसेल, असं माझं ठाम मत आहे. चाचा खेड तालुक्यातले होते, रोम त्यांनी नकाशातसुद्धा चुकीच्या किनाऱ्यावर दाखवलं होतं आणि पोटासाठी ते बहारीनमध्ये अस्करच्या बाजूला एका ठेकेदाराच्या गोदामात स्टोअरकीपर होते, ही गोष्ट वेगळी. नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. अॅल्युमिनियमच्या कारखान्याचा धूर दिसेल इतक्या अंतरावर आमचा कॅम्प होता. तिथल्या एका खोलीत मी, चाचा आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असे तिघं राहत होतो. हे पुस्तक मायदेशी परतणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाने टाकून दिलं होतं आणि चाचांनी ते नटबोल्टांच्या खोक्यातून उचलून आणलं होतं. त्यात रोमच्या प्रजासत्ताकाची अखेरची शंभर वर्षं होती. चाचा दर शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, शब्दकोश मांडीवर घेऊन त्याची चार पानं वाचत आणि उरलेला आठवडा ती चार पानं मला ऐकवत. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. गावाकडे माझ्या लग्नाचं चाललं होतं आणि इकडे मला झोपेत सिनेटची भाषणं ऐकू येत होती.

रोममध्ये म्हणे कुणाला एकदम वर चढता येत नसे. आधी खजिना आणि कोठार सांभाळायचं, मग बाजार आणि लोकांचे खेळ, मग न्यायनिवाडा आणि हे सगळं निभावलं तर वर्षभरासाठी कॉन्सल. तेही एक नाही, दोन. एकाने काही ठरवलं तर दुसऱ्याने नाही म्हणून ते थांबवायचं. आता योगायोग असा, की आमच्या मेसचा कारभारही जवळपास असाच चाले. चाळीसेक माणसं, निम्मी कोकणातली, निम्मी घाटावरची. भांडणं नकोत म्हणून दोन सेक्रेटरी, कोकणाचा एक आणि घाटाचा एक, आणि दोघांची संमती असल्याशिवाय सभा नाही, असा जुना नियम होता. हे चाचांच्या लक्षात आलं त्या दिवशी ते माझ्या खाटेवर येऊन बसले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, “अरे, आपण रोममध्येच राहतोय आणि तुला पत्ता नाही!”

पहिल्या वर्षी चाचा कोठारप्रमुख झाले. गोदामातली शिस्त त्यांनी मेसच्या कोठारात आणली, म्हणजे कांद्यालाही इश्यू स्लिप लागू लागली. दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे करमणूक आली. याआधीचे करमणूकप्रमुख कॅरमची सोंगटी हरवली तर नवी आणत, एवढंच. चाचांनी जाहीर केलं, की रोममध्ये या पदावरचा माणूस लोकांना सिंह आणि हत्ती दाखवायचा. सिंहाची सोय झाली नाही, पण ओळखीच्या एका बहारीनी म्हाताऱ्याकडून त्यांनी उंट आणला. उंटाने पहिल्या तासात बावर्चीची कोथिंबीर खाल्ली, दुसऱ्या तासात दोरीवरची एक लुंगी चघळली आणि मग तो कॅम्पच्या फाटकात जो बसला तो उठेना. दुपारच्या शिफ्टची बस आत अडकली. फोरमन ओरडताहेत, उंटाचा मालक “यल्ला, यल्ला” करतोय आणि चाचा कमरेवर हात ठेवून प्रसन्न चेहऱ्याने उभे. “बघ,” मला म्हणाले, “लोक किती खूश आहेत!” आणि खरंच होते. पाऊण तास कामाला उशीर म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? पुढच्या निवडणुकीत चाचा भांडणतंटा बघणारे झाले. दोन माणसांचा टेबलफॅनवरून वाद आला तेव्हा त्यांनी तासभर दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि फॅन स्वतःच्या खोलीत आणून ठेवला. हा निकाल मला व्यक्तिशः फार न्याय्य वाटला.

शेवटी ते सेक्रेटरीपदाला उभे राहिले. रोमचे उमेदवार म्हणे अंगरख्याला खडू चोळून पांढरेशुभ्र होऊन मतं मागत. चाचांनी कुर्त्यावर टाल्कम पावडरचा डबा रिकामा केला आणि ते खोलीखोलीतून फिरले. ज्या खोलीत गेले ती खोली शिंकू लागली. तरी निवडून आले. त्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी ऐटीत सांगितलं, “आय अॅम कॉन्सल.” तो बिचारा हा वकिलातीतला साहेब समजून पुढे आठवडाभर त्यांना सलाम ठोकत होता.

घाटाचे सेक्रेटरी म्हणून निवडून आले ते क्रेनवरचे सातारकर फोरमन. आडवा बांधा, मोठा आवाज, कामाला वाघ. चाचांच्या पुस्तकात असाच एक दांडगा कॉन्सल होता, आणि त्याच्या जोडीला एक सरळमार्गी, हटवादी कॉन्सल. या दुसऱ्याचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. पहिल्याने याच्या डोक्यावर भर चौकात शेणाची टोपली ओतवली. मग हा घरात जाऊन बसला आणि आकाशातले शकुन वाईट आहेत, सभा भरवता येणार नाही, असं वर्षभर घरातूनच कळवत राहिला. चाचांना दांडग्यापेक्षा हाच जवळचा. “त्याचं कुणी ऐकलं का?” मी विचारलं. “कुणीच नाही,” चाचा अभिमानाने म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मेसचं जेवण खारट होऊ लागलं. आमचे बावर्ची इब्राहिमभाई दापोलीकडचे, हाताला अशी चव की हामूर माशाच्या कालवणासाठी दुसऱ्या कॅम्पची माणसं पाहुणी म्हणून येत. पण आता एक दिवस आमटी खारट, दुसऱ्या दिवशी भात खारट, तिसऱ्या दिवशी चहासुद्धा. फोरमनांनी नवा बावर्ची बघून ठेवला आणि इब्राहिमभाईंना परत पाठवायचं म्हणून सभा बोलावली. चाचांनी नकार दिला. जेवणघरात दोघांची जुंपली. फोरमनांनी टेबलावर मूठ आपटली, कालवणाचं पातेलं कलंडलं आणि चाचांचा पांढरा कुर्ता छातीपासून गुडघ्यापर्यंत पिवळा झाला. चाचांनी कुर्त्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. माझ्या कानात म्हणाले, “तंतोतंत! फक्त शेण नाही.”

दुसऱ्या दिवसापासून चाचा कामावरून आले की खोलीत जात आणि बाहेर येत नसत. जेवणघराच्या दारावर रोज त्यांच्या सहीची चिठ्ठी लागे, ‘आज आकाश प्रतिकूल आहे. सभा होणार नाही.’ चिठ्ठी चिकटवायचं काम माझ्याकडे. बाहेर शमालच्या वाऱ्याने धूळ उडत असायची, त्यामुळे आकाश प्रतिकूल नाही असं कुणाला छातीठोक म्हणताही येईना. एकदा फोरमन दाराशीच येऊन उभे राहिले.

“चाचा, ह्ये काय लावलंय? भाईर या, बसून बोलू.”

“आज गिधाडं डावीकडून गेली,” आतून उत्तर आलं.

“बहारीनमधी गिधाडं?”

“मग कावळे असतील. अपशकुन तो अपशकुन.”

पाच आठवडे हे चाललं. माणसं चिडली. आम्ही दुकानातली खुबूस रोटी आणि दही खाऊन दिवस काढत होतो आणि मी त्यांचा खोलीसोबती म्हणून माझ्याशी कुणी धड बोलेना. अखेर मी म्हटलं, “चाचा, खलास करा आता. तुमच्या रोमपायी आमच्या आतड्यांचं लोणचं झालंय.” ते नुसतं म्हणाले, “उद्या तुला सुट्टी आहे ना? माझ्याबरोबर चल.”

सकाळी आम्ही टॅक्सीने सलमानियाच्या हॉस्पिटलात गेलो. तिथे बाकावर इब्राहिमभाई बसले होते, हिरवा झगा घालून, हातात रेसिडेंट कार्ड घट्ट धरून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन त्या दिवशी होतं, दुसऱ्याचं पुढे. मीठ घातलं की नाही हे त्यांना दिसतच नव्हतं, म्हणून ते आठवणीने पुन्हा घालत होते, आणि चहात साखरेच्या जागी मीठ पडत होतं. नोकरी गेली असती तर व्हिसा गेला असता, कार्ड गेलं असतं आणि ही तारीखही.

“मला आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“तुझ्या पोटात काही राहत नाही.”

“तुमच्या मेसमध्ये कुणाच्याच राहत नाही, चाचा.” यावर इब्राहिमभाई इतके हसले की नर्सने येऊन दटावलं.

इब्राहिमभाई रजेवर आहेत असं सांगून दहा दिवस चाचांनी स्वतः स्वयंपाक केला. त्याबद्दल मी एवढंच म्हणेन, की खारट आमटीची लोकांना आठवण येऊ लागली. मग इब्राहिमभाई काळा चष्मा लावून परतले आणि पहिल्याच दुपारी हामूरचं कालवण केलं. चाचांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली, ‘आकाश अनुकूल.’ सभेत ते उभे राहिले आणि डोळ्यांची सगळी हकीकत सांगून टाकली. माझी खात्री होती, आता टाळ्या पडणार.

टाळ्या पडल्या नाहीत. फोरमन सावकाश उठले. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. “चाचा,” ते म्हणाले, “मला ब्लडप्रेशर हाय. डॉक्टरनं मीठ बंद सांगितलंय. फिटनेसला नापास झालो तर क्रेनवरनं उतरवत्याल, म्हणून मी कुणाला बोललो न्हाई. पण तुमी मला सांगायचं हुतं. मी काय राक्षस हाय? ह्या म्हाताऱ्याचं डोळं जाऊ दिलं असतं व्हय मी?”

चाचांकडे प्रत्येक गोष्टीला रोममधलं उत्तर असे. त्या दिवशी त्यांनी हातातला भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. म्हणाले, “मी तुम्हाला दुसराच कुणी समजलो. चुकलं माझं.” फोरमन म्हणाले, “जाऊ द्या, मी बी पातेलं सांडलंच की.” आणि इब्राहिमभाई, ज्यांना सभेत बोलायचा अधिकार नव्हता, ते दारातून ओरडले, “जेवण थंड होतंय!”

पुढच्या निवडणुकीत चाचा उभेच राहिले नाहीत. फोरमनांचं नाव त्यांनी स्वतः सुचवलं. संध्याकाळी ते दोघं एकाच टेबलावर जेवत. इब्राहिमभाई फोरमनांसाठी छोट्या पातेलीत बिनमिठाचं वेगळं करत, आणि चाचा सोबत म्हणून तेच खात. “कसं लागतं?” मी एकदा विचारलं. “मफी,” हात झटकून ते म्हणाले, “चवच नाही,” आणि पुन्हा वाढून घेतलं.

दीड वर्षाने त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ते गेले त्या दिवशी माझी शिफ्ट होती आणि ती बदलून मिळाली नाही. विमानतळावर फोरमनच त्यांना घेऊन गेले. सकाळी निघताना मी म्हटलं, “पोचल्यावर पत्र टाका.” ते म्हणाले, “इंशाल्ला,” आणि ट्रंकेचं कुलूप पुन्हा तपासायला लागले. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

परत आलो तेव्हा खोली झाडून झाली होती. चाचांच्या खाटेवरची गादी उचललेली होती आणि नाशिककडचा एक नवा माणूस आपली बॅग त्या खाटेवर ठेवत होता. चांगला माणूस होता, नंतर आमचं जमलंही. पण तेव्हा मी त्याला म्हटलं, “ही नको, त्या खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेवर झोप ना थोडे दिवस.”

“का?” त्याने विचारलं. “इथे कुणी येणार आहे का?”

मी नाही म्हणालो. मग दोघांनी मिळून त्याची गादी अंथरली.