शाळेआधी डॉक्टर अन्नम्मा

कापडाच्या दुकानात चिंध्या कुणी जमवत नाही, त्या आपोआप साठतात. डॉक्टर अन्नम्मांचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत.

साठ सालच्या आसपास कुवेतमध्ये आपल्या कोकणातल्या पोरांची शाळा म्हणजे भाड्याच्या तीन खोल्या. जागा कमी, म्हणून प्रवेशाआधी तपासणी, तीही माझ्या दुकानाच्या गोडाऊनमध्ये. तपासणाऱ्या डॉक्टर बाई केरळच्या, माझं इंग्रजी गिऱ्हाइकांकडून उचललेलं, तरी दुभाषी मीच. शाळा न मिळालेलं पोर आईसकट बोटीने रत्नागिरीला परत, हे सगळ्यांना ठाऊक. मग आईबाप पोराची खोट लपवायचे.

*

एका क्लार्कने मुलाकडून सगळं घोटवून आणलेलं. बाईंनी नुसतं "ये" म्हटलं, तर पोरगा नाव, बापाचं नाव, वार, शंभरपर्यंत आकडे, दम न घेता!

बाई म्हणाल्या, "वडील पास. आता मुलाला पाठवा."

*

खलाशाचा महमूद. गोल काढ म्हटलं तर पेन्सिल मुठीत धरून बसला. बाप घामाघूम. बाईंनी पोराला बाहेर वाळूत नेलं. त्याने बोटाने अख्खं गलबत काढलं, शीड, सुकाणू, नांगराची साखळीसुद्धा.

"हात तयार आहे, पेन्सिलच नवीन आहे," म्हणत बाईंनी सही ठोकली.

*

दुखतं का विचारलं की पोरं आधी बापाकडे बघायची. बाईंनी बापांची खुर्ची दाराबाहेर मांडायला लावली. मी म्हटलं, लोक रागावतील. म्हणाल्या, "अन्वरभाई, रागावू देत. त्यांची तपासणी नाहीये."

*

माझा शेजारी इब्राहिम, बंदरावर कारकून. त्याची सकीना सहा वर्षांची. "लाजते हो," म्हणत उत्तरं तोच द्यायचा. खुर्ची बाहेर गेली. बाईंनी सकीनाच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. मी दचकलो. सकीना नाही.

इब्राहिमला आत बोलावलं. खाली पडलेल्या किल्ल्या उचलून बाईंना देत म्हणाला, "बाई, जवळून बोललं की कळतं तिला. परत नका पाठवू."

हेडमास्तर म्हणाले, वर्गात हिला काय ऐकू येणार?

दुसऱ्या दिवशी बाई सकीनाला घेऊन वर्गात हजर. दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून रुमाल बांधला, शेवटच्या बाकावर बसल्या आणि वर्गाच्या मास्तरांना म्हणाल्या, शिकवा. काही ऐकू येईना, तशा एक बाक पुढे सरकल्या. मग आणखी एक. पोरं हसत होती, मास्तर शिकवत होते. मास्तरांच्या टेबलाला गुडघे लागले तेव्हा कुठे बाई थांबल्या.

उठल्या, ती जागा रुमालाने पुसली आणि सकीनाला बसवलं.